पुढे बकेट, मागे बॅरल

५० एचपीचा टू-व्हील ड्राइव्ह ट्रॅक्टर, त्याला नंतर बसवलेला लोडर (पुढची बकेट आणि ती उचलणारे हायड्रॉलिक आर्म) आणि सांगली जिल्ह्यातल्या वाळवा तालुक्यातला फेब्रुवारी ते मे असा एक हंगाम. शेणखत, प्रेसमड (साखर कारखान्यात उसाचा रस गाळून उरणारा गाळ), तलावातला गाळ आणि पाणंदीचा मुरूम असा चारही प्रकारचा माल ट्रॉलीत भरायचं काम, म्हणजे भरणी, या काळात झाली. अशा ट्रॅक्टरला गावात दुसऱ्याच दिवशी ‘मिनी जेसीबी’ म्हणायला लागतात, आणि निम्मे बिघाड त्या नावातूनच जन्माला येतात. जेसीबी म्हणून आपण ओळखतो ते बॅकहो, म्हणजे मागे खणायचा हात असलेलं यंत्र, साडेसात टनांच्या आसपास भरतं आणि खणण्याचा मार खाण्यासाठीच घडवलेलं असतं. आपला ट्रॅक्टर दोन-सव्वादोन टनांचा, तोही मागे काहीतरी ओढायला बनवलेला. त्याच्या पुढच्या चाकांचं मूळ काम फक्त वळवणं. लोडर बसवला की याच पुढच्या चाकांवर सगळा बोजा येतो.

लोडर घेताना बघायची गोष्ट म्हणजे त्याची फ्रेम. बकेट नंतर बघा. फ्रेम इंजिनाच्या पुढच्या सपोर्टपासून निघून थेट मागच्या एक्सलपर्यंत गेलेली हवी. काही स्वस्त फ्रेमा मध्येच, क्लच हाऊसिंगच्या आसपास संपतात. ट्रॅक्टरला वेगळी चासी नसते. इंजिन, क्लच हाऊसिंग आणि गिअर बॉक्स एकमेकांना बोल्टने जोडलेले असतात, आणि तोच त्याचा कणा. फ्रेम मध्यावर संपली तर बकेटचा प्रत्येक धक्का नेमका त्या सांध्यावर येतो. आधी तिथून तेल पाझरतं, मग बोल्ट सैल होतात, आणि तरीही काम रेटलं तर बिडाला चीर जाते. फ्रेम मागच्या एक्सलला कसायची ती यू-बोल्टने किंवा कंपनीने दिलेल्या भोकांतून. एक्सलच्या नळीला वेल्डिंग अजिबात नको, कारण उष्णतेने नळी वाकते आणि आतल्या बेअरिंगची ओळ बिघडते. फ्रेमवर वेल्डिंग करायचंच असेल तर बॅटरीच्या तारा सोडायच्या आणि अर्थिंगचा चिमटा कामाच्या अगदी जवळ लावायचा. नाहीतर करंट बेअरिंगमधून वाट काढतो.

बोल्ट मजबुतीच्या ८.८ ग्रेडचे किंवा त्यावरचे. एम १६ मापाच्या ८.८ बोल्टला साधारण २०० न्यूटन मीटर टॉर्क लागतो, आणि एवढा टॉर्क अंदाजाने बसत नाही. मिस्त्रीकडे टॉर्क पाना नसेल तर तो भाड्याने आणावा. पहिल्या ८-१० तासांच्या कामानंतर सगळे बोल्ट पुन्हा कसायचे, मग दर ५० तासांनी. नव्या फ्रेमचा रंग दाबला जातो, पट्ट्या बसतात, आणि पहिल्याच दिवशी बोल्ट थोडे सैल पडतात. सैल बोल्टवर काम चाललं तर भोकं लांबट होतात, मग कितीही कसलं तरी उपयोग नाही. लोडर बसवायच्या आधी पुढच्या बंपरची वजनं काढून ठेवायची. एवढी साधी गोष्ट, पण लोडरवाले आणि बंपरवर पाच-सहा वजनंही तशीच, असे ट्रॅक्टर रस्त्यावर रोज दिसतात.

आता वजनाचा हिशोब. हा समजला की बाकीचं निम्मं आपोआप समजतं. ट्रॅक्टर २१०० किलोचा धरू. त्यातले ८०० किलो पुढच्या चाकांवर, १३०० मागच्या. दोन एक्सलमधलं अंतर २ मीटर. लोडर, आर्म आणि रिकामी बकेट मिळून ४५० किलो, आणि त्याचा भार पुढच्या एक्सलच्या अर्धा मीटर पुढे. नुसत्या रिकाम्या लोडरने पुढचा भार १३६० च्या घरात जातो आणि मागचा ११९० वर येतो. आता बकेटमध्ये ४०० किलो माल घेतला. तो पुढच्या एक्सलच्या दीड मीटर पुढे लोंबतोय, म्हणजे पुढे ४०० नव्हे तर ७०० किलो वाढतात, आणि मागून ३०० उचलले जातात. पुढे २०६० किलो, मागे ८९०. मूळ ८०० च्या जागी दोन हजार. वर खड्ड्यात चाक आपटलं तर तो भार क्षणभर दीडपट-दुप्पट होतो. किंगपिन (जिच्यावर पुढचं चाक वळतं ती), हबची बेअरिंग, मधली पिव्होट पिन (जिच्यावर पुढचा एक्सल डोलतो ती) आणि स्टिअरिंगचे बॉल जॉइंट का जातात, याला यापेक्षा मोठं कारण नाही.

मागच्या टायरमध्ये पाणी भरायचा सल्ला सगळे देतात. तो चांगलाच आहे. १३.६-२८ च्या टायरमध्ये व्हॉल्व्ह वर आणून व्हॉल्व्हपर्यंत, म्हणजे पाऊण भाग पाणी भरलं की साधारण १८५ लिटर बसतं. १४.९-२८ मध्ये सव्वादोनशेच्या पुढे. दोन्ही चाकांत मिळून पावणेचारशे ते साडेचारशे किलो झाले. मागची चाकं घसरत नाहीत, ब्रेक धरतात, ट्रॅक्टर जमिनीला चिकटून राहतो. पण हे पाणी नेमकं मागच्या एक्सलवर बसतं. त्याने पुढच्या एक्सलचा एक किलोही कमी होत नाही. पुढचा भार हलका करायचा असेल तर वजन मागच्या एक्सलच्याही मागे टांगावं लागतं, तराजूच्या दुसऱ्या पारड्यासारखं. एक्सलच्या १ मीटर मागे ४०० किलो टांगले की मागे ६०० वाढतात आणि पुढचे २०० कमी होतात. वरच्या हिशोबात पुढे १८६०, मागे १४९०. म्हणून पाणीही हवं आणि मागे टांगलेलं वजनही. एकाने दुसऱ्याची जागा भरत नाही.

टांगायला काय? घरात ६ फुटी रोटाव्हेटर असला तर तोच. साडेतीनशे ते साडेचारशे किलो भरतो, लिफ्टला जोडून जमिनीपासून फूटभर वर ठेवला की झालं. पल्टी नांगरही चालतो, पण तो मागे लांब जातो आणि वळताना बांधाला, ट्रॉलीला, माणसाला लागतो. रोज भरणीचं काम असेल तर बॅरल सगळ्यांत सोयीचं. दोनशे लिटरचं लोखंडी बॅरल घ्यायचं. खालच्या भागात दोन्ही बाजूंना २८ मिलिमीटरच्या पिना असलेला जाड पाइप आरपार वेल्ड करायचा, वर टॉप लिंकसाठी, म्हणजे लिफ्टच्या वरच्या दांड्यासाठी, २५ मिलिमीटरच्या पिनेचे कान उभे करायचे आणि पाऊण भाग काँक्रीट ओतायचं. १५० लिटर काँक्रीट म्हणजे ३६० किलो, बॅरल आणि लोखंड धरून ४०० ला पोचतं. दोन पिनांच्या खांद्यांमधलं अंतर लिफ्टच्या जोडणीच्या कॅटेगरी दोनच्या ठरलेल्या मापाने ८२५ मिलिमीटर ठेवायचं. मनाने ठेवलं की लोअर लिंक, म्हणजे लिफ्टचे खालचे दोन दांडे, तिरक्या बसतात आणि वळताना बॅरल झोके खातं. लोअर लिंकच्या साखळ्या ताणून हा झोका बंद करायचा.

इथे एक अडचण प्रत्येकाला येते. बॅरल लावलं की त्याच ट्रॅक्टरला ट्रॉली लावता येत नाही. म्हणजे भरायला एक ट्रॅक्टर, ओढायला दुसरा. एकाच ट्रॅक्टरवर दोन्ही भागवायचं तर ट्रॉली सोडायची, बॅरल जोडायचं, भरायचं, पुन्हा उलटं करायचं, आणि तिसऱ्या खेपेला कंटाळा येऊन माणूस बॅरलशिवायच भरायला लागतो. भाऊकीतला किंवा शेजारचा ट्रॅक्टर अदलाबदलीने घ्यावा. त्यावर दुसरा उपाय दिसत नाही. सुटी ठेवलेली दोन चाकी ट्रॉली भरताना तिच्या दांडीखाली भक्कम टेकू लावायचा आणि माल पुढच्या भागापासून भरत मागे यायचं. मागून सुरुवात केली तर दांडी उचलते आणि फाळका जमिनीवर आपटतो.

आपल्याकडे उसाच्या निमित्ताने वजनकाटे पावलोपावली आहेत, त्यांचा वापर करून घ्यावा. काट्यावर आधी फक्त पुढची चाकं चढवायची आणि आकडा लिहायचा, मग पूर्ण ट्रॅक्टर चढवायचा. दोन्हीतला फरक म्हणजे मागचा भार. रिकामी बकेट, भरलेली बकेट, बॅरलसह आणि बॅरलशिवाय अशी चार वजनं करायला अर्धा तास पुरतो. तेवढ्यात आपल्या ट्रॅक्टरचा हिशोब कागदावर येतो, आणि टायरच्या बाजूवर कोरलेल्या क्षमतेशी तो ताडून बघता येतो. पुढचे टायर ६.००-१६ असतील तर शक्य असल्यास ७.५०-१६ करावेत, जास्त प्लायचे, म्हणजे जास्त थरांचे. हवा टायरवर लिहिलेल्या कमाल दाबाच्या आत, पण वरच्या अंगाला ठेवायची आणि दोन्ही टायरमध्ये सारखी. एका बाजूला पाच पाउंड कमी असली तरी बकेट एका कोपऱ्याने झुकते, आणि चालकाला वाटतं आर्म वाकले. पुढच्या टायरमध्ये पाणी भरायचं नाही. ज्यांचा पुढचा एक्सल लांब-आखूड करता येतो त्यांनी तो शेवटच्या भोकापर्यंत ओढू नये. जितका बाहेर, तितका वाकण्याचा जोर जास्त.

मालाचं वजन. ०.३५ घनमीटरची बकेट म्हणजे १२ घनफुटांहून थोडी जास्त. एक ब्रास १०० घनफूट, म्हणजे काठोकाठ भरलेल्या आठ बकेटी. आता हीच बकेट वाळलेल्या, कुजलेल्या शेणखताने भरली तर दीडशे-पावणेदोनशे किलो. पावसात भिजलेल्या उकिरड्यातून भरली तर तीनशेच्या घरात. सुट्या मुरमाने भरली तर साडेपाचशेच्या पुढे, कारण एक ब्रास मुरूम साडेचार टनांच्या आसपास जातो. बकेट तीच, भरलेली दिसते तशीच, पण भार तिप्पट. आमचा नियम साधा होता. शेणखताची बकेट शीग लावून, मुरमाची निम्मी. निम्म्या बकेटीने ब्रासला आठाऐवजी पंधरा-सोळा फेऱ्या होतात. चालक कुरकुरतो, ‘दादा, भरली असती की अजून!’ फेरीला एक मिनिट धरा, आठ मिनिटं जास्त लागली. ट्रॉली शेतात जाऊन रिकामी होऊन परत यायला अर्धा तास लागतो, तोवर लोडर तसाही उभाच असतो. वाचवलेली आठ मिनिटं उभं राहण्यातच जायची.

प्रेसमडची गंमत वेगळी. कारखान्यातून ताजा येतो तेव्हा त्यात ६५ ते ७५ टक्के पाणी असतं. तो मऊ दिसतो, बकेट लोण्यात गेल्यासारखी आत जाते, आणि बाहेर यायला तयार नसते. चिकटलेला माल झाडायला चालक लिव्हर पुढे-मागे झटकत बकेट आपटतो. त्या आपटण्याने टिल्टच्या, म्हणजे बकेट वळवणाऱ्या, हायड्रॉलिक जॅकच्या पिना आणि बुश इतर कुठल्याही कामापेक्षा लवकर ढिले होतात. दोन उपाय लागू पडले. बकेट आतून घासून गुळगुळीत ठेवायची, गंज चढू द्यायचा नाही. आणि रोज सकाळी आतून जळक्या तेलाऐवजी थोडं पाणी मारायचं. जळकं तेल खताबरोबर रानात जातं, ते कशाला? आठवडा-दोन आठवडे ढिगात ठेवून पाणी निथळलेला प्रेसमड भरायला कितीतरी सोपा.

तलावातला गाळ जत, आटपाडी, कवठेमहांकाळ आणि तिकडे माण-खटावच्या बाजूला उन्हाळाभर वाहतात. २०१७ पासूनच्या ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेमुळे त्याला जोर आला. वरचा भेगाळलेला गाळ हलका असतो, पण हातभर खाली तो ओला आणि मुरमाइतकाच जड लागतो. त्यात तळ भुसभुशीत. पुढची चाकं रुततात, बकेट भरलेली, मागची चाकं हलकी. अशा वेळी गॅस वाढवून चाकं फिरवत बसायचं नाही. बकेट खाली टेकवून रिकामी करायची, मागे यायचं आणि निम्मी भरायची. कृष्णाकाठी २०१९ आणि २०२१ च्या पुरानंतर घराघरांतून जो गाळ काढावा लागला तो याच जातीचा.

ढिगात शिरायची पद्धत. बकेटचं तोंड जमिनीला समांतर, जमिनीपासून बोटभर वर. लो गिअरचा पहिला किंवा दुसरा, इंजिन मिनिटाला १४०० ते १६०० फेऱ्यांवर. ढिगाला सरळ समोरून भिडायचं, चाकं सरळ ठेवून. अंतरावरून वेग घेऊन धडकायचं नाही. बकेट ढिगात फूट-दीड फूट गेली की टिल्टचा लिव्हर हळूच मागे घेत बकेट वळवायची, त्याच वेळी आर्म थोडा उचलायचा. माल सुटतो तो बकेट वळण्याच्या जोरावर, ट्रॅक्टरच्या ढकलण्याने नाही. हे एकदा अंगात मुरलं की डिझेल आणि क्लच दोन्ही वाचतात. चाकं जागेवर फिरायला लागली किंवा इंजिन गुदमरलं तर लगेच क्लच पूर्ण दाबायचा (ड्युअल क्लच असेल तर पहिल्या टप्प्यापर्यंत, कारण पुढे हायड्रॉलिकमध्ये येतंय) आणि बकेट थोडी वळवून मग पुढे जायचं. हाफ क्लचवर रेटलं की जळका वास येतोच. शेणखताच्या वासात तो कळत नाही, म्हणून कानाकडे लक्ष द्यावं: इंजिनचा आवाज वाढतो पण ट्रॅक्टर हलत नाही, तर प्लेट घसरतेय.

जुन्या उकिरड्यात पाचट, कडबा, शेण असं सगळं गुंफलेलं असतं. सपाट पात्याची बकेट ते कापत नाही, नुसती ओढत राहते. त्याला दात्यांची बकेट किंवा काटे लागतात. ते नसतील तर आधी खोऱ्या-कुदळीने कड मोकळी करून घ्यायची. ढीग कडेने सरळ भिंतीसारखा कापत जावं. खालून पोखरला की वरचा थर बोनेटवर येतो. मुरमाच्या घट्ट दरडीला किंवा बांधाला लोडर लावायचाच नाही. आधी बॅकहोने किंवा कल्टिव्हेटरने मोकळं करून घ्या, मग भरा. हे भरायचं यंत्र आहे, खणायचं नव्हे.

एका कोपऱ्याने ढकलणं ही सगळ्यांत महागडी सवय. बांधाचा कोपरा, झाडाचं खोड, दगड असं काहीही बकेटच्या उजव्या किंवा डाव्या टोकाने रेटलं की एका आर्मवर सगळा जोर येतो आणि दोन्ही आर्मना जोडणारा आडवा पाइप पिळतो. सपाट जमिनीवर बकेट टेकवून दोन्ही कोपरे जमिनीला सारखे टेकतात का, हे आठवड्यातून एकदा बघावं. बोटभर फरक दिसला आणि टायरची हवा बरोबर असेल, तर पीळ बसला आहे.

माती मागे ओढून सपाट करतानाही जॅक वाकतात. बकेट पूर्ण खाली वळवून, तोंड जमिनीत खुपसून मागे ओढलं की टिल्टचे रॉड पूर्ण बाहेर आलेले असतात, आणि बाहेर आलेला लांब रॉड बाजूच्या धक्क्याला सगळ्यांत कच्चा. बकेट थोडीच खाली झुकवायची आणि आर्मचा लिव्हर फ्लोटवर सोडायचा, म्हणजे बकेट जमिनीच्या उंचसखलपणाप्रमाणे वर-खाली होते. ज्या व्हॉल्व्हला फ्लोटची खाच नाही त्यांनी सपाटीकरणाचं काम मागच्या ब्लेडवरच करावं.

ट्रॉली ढिगाच्या अगदी समोर उभी करायची नाही, आणि एकदम काटकोनातही नाही. ढिगाशी ४५ अंशांच्या आसपास, दीड ट्रॅक्टरच्या अंतरावर. मग मागे येताना थोडं वळायचं, पुढे जाताना थोडं, असा व्ही आकार तयार होतो. उभ्या जागी भरलेली बकेट घेऊन स्टिअरिंग फिरवणं टाळायचं. चाक फिरत असताना वळवलं तर टायर आणि बॉल जॉइंट दोन्हींना आराम. पॉवर स्टिअरिंग असलं की जागेवर वळवण्याचा मोह जास्तच होतो. पंपाचा जोर दिसत नाही, पण सांध्यांवर तो तेवढाच पडतो. फॉरवर्ड-रिव्हर्स बदलताना ट्रॅक्टर पूर्ण थांबवायचा. बकेट चालताना जमिनीपासून गुडघ्याच्या उंचीवर, ट्रॉलीजवळ गेल्यावरच वर. आणि वारा पाठीशी ठेवायचा, नाहीतर वाळलेलं खत आधी डोळ्यांत, मग एअर क्लीनरमध्ये.

वर उचललेली बकेट आणि आडवा उतार ही जोडी जीवघेणी आहे. पुढचा एक्सल मधल्या पिनेवर डोलतो, त्यामुळे पुढची दोन चाकं ट्रॅक्टरला बाजूला कलंडण्यापासून वाचवत नाहीत. खरा पाया त्रिकोणी: दोन मागची चाकं आणि पुढची ती एक पिन. भरलेली बकेट वर गेली की भार त्या टोकाकडे, म्हणजे त्रिकोणाच्या अरुंद भागाकडे सरकतो. मागचं चाक खड्ड्यात गेलं की पुरे. पाटण, जावळीकडे डोंगराळ रानात काम करणाऱ्यांनी भरलेली बकेट नेहमी चढाच्या बाजूला ठेवावी: चढताना पुढे तोंड करून, उतरताना रिव्हर्समध्ये. दोन्ही ब्रेक पेडलची कडी लावलेली हवी. बहुतेक ट्रॅक्टरचे ब्रेक मागच्याच चाकांवर असतात, आणि मागची चाकं हलकी झाली की ब्रेक नावालाच उरतो. फोर-व्हील ड्राइव्ह असेल तर उतारावर तो जोडलेला ठेवावा, म्हणजे ब्रेकचा परिणाम पुढच्या चाकांपर्यंत पोचतो. डांबरी रस्त्यावर मात्र काढायचा. रानातून गेलेल्या विजेच्या तारा उन्हाळ्यात आणखी खाली लोंबतात, त्यांच्याखाली भरणी नको. बकेटमध्ये माणूस उभा करून आंबे उतरवणं सगळीकडे चालतं. हौज फुटला की ती बकेट सावकाश खाली येत नाही.

हायड्रॉलिककडे वळू. आधी एक तपासून घ्या: क्लच पूर्ण दाबल्यावर लोडर हलतो का? काही ट्रॅक्टरचा पंप इंजिनच्या गिअरवर थेट चालतो, त्याला क्लचशी देणंघेणं नाही. काहींचा पीटीओच्या, म्हणजे मागची अवजारं फिरवणाऱ्या शाफ्टच्या, बाजूने चालतो. क्लच पूर्ण दाबला की पंपही थांबतो, आणि ऐन ढिगात बकेट अडकते. ड्युअल क्लच, म्हणजे दोन टप्प्यांत दाबायचा क्लच, असेल तर पेडल पहिल्या टप्प्यापर्यंतच दाबायची सवय लावावी लागते.

लोडरला तेल ट्रॅक्टरच्या मागच्या हाऊसिंगमधूनच जातं. ६३ मिलिमीटर बोअर आणि ६० सेंटिमीटर स्ट्रोकचे दोन जॅक पूर्ण बाहेर आले की पावणेचार लिटर तेल त्यांच्यात गेलेलं असतं. मिनिटाला ३० लिटर देणाऱ्या पंपाला त्याला सात-आठ सेकंद लागतात. आयडलला पंप कमी तेल देतो, म्हणून उचल मंद होते. त्याला बिघाड समजून मिस्त्रीकडे जाऊ नका. तेलाची पातळी आर्म खाली आणि जॅक आत असताना बघायची. आर्म वर ठेवून डिपस्टिक बघितली आणि तेल भरलं, तर आर्म खाली आल्यावर जादा तेल ब्रीदरमधून, म्हणजे हवा जायच्या भोकातून, बाहेर येतं. त्याच ट्रॅक्टरला कधी डंपिंग ट्रॉली लावत असाल तर तिचा जॅकही पुष्कळ तेल घेतो, आणि परत देताना दुसऱ्याच्या ट्रॅक्टरचं जुनं तेल आणि कचरा घेऊन येतो. कपलिंगची टोपणं म्हणूनच महत्त्वाची. मुरमाचा एक कण स्पूलमध्ये, म्हणजे व्हॉल्व्हच्या आतल्या सरकत्या दांड्यात, गेला की लिव्हर मध्यावर असतानाही बकेट खाली सरकायला लागते. जोडण्याआधी दोन्ही तोंडं स्वच्छ फडक्याने पुसायची, हौज सोडला की लगेच टोपण.

स्ट्रोक संपल्यावरही लिव्हर धरून ठेवला की किणकिणणारा, ताणलेला आवाज येतो. तो रिलीफ व्हॉल्व्हचा, म्हणजे जादा दाब सोडणाऱ्या व्हॉल्व्हचा. बहुतेक ट्रॅक्टरमध्ये तो १५० ते २०० बार दाबाच्या दरम्यान लावलेला असतो. त्या वेळी इंजिनचं काम सगळं तेल तापवण्यात जातं. एप्रिल-मे महिन्यांत आधीच तापलेलं तेल आणखी पातळ झालं की पंपातून आतल्या आत गळतं आणि उचल कमी होते. मग कुणीतरी हुशार मिस्त्री रिलीफच्या स्प्रिंगखाली वॉशर घालून प्रेशर वाढवून देतो. दोन दिवस ट्रॅक्टर जोरात चालतो, आणि त्यानंतर हौज फुटतो, नाहीतर आर्म वाकतो. रिलीफ व्हॉल्व्ह म्हणजे या सगळ्या सांगाड्याचा फ्यूज. त्याला उचलता येत नाही तेवढा माल बकेटमधून काढावा. गळती शोधताना हौजवर हात फिरवू नये. सुईसारखी धार कातडीत शिरते आणि वरून नुसता टोचल्याएवढा डाग दिसतो. पुठ्ठ्याचा तुकडा फिरवावा, आणि असं काही लागलं तर थेट मोठ्या दवाखान्यात जावं.

ग्रीस रोज, काम सुरू व्हायच्या आधी. लोडरच्या सगळ्या पिना, दोन्ही किंगपिन आणि मधली पिव्होट पिन. ही मधली पिन नेहमी उपाशी राहते, कारण तिच्यावर ट्रॅक्टरचा भार असताना ग्रीस भार असलेल्या बाजूला शिरतच नाही, सोप्या बाजूने बाहेर येतं. बकेट सपाट जमिनीवर सपाट टेकवून आर्म खाली दाबायचे, म्हणजे पुढची चाकं हलकेच उचलतात आणि एक्सल लोंबकळतो. फ्रेमखाली लाकडाचे जाड ठोकळे लावायचे, मगच ग्रीस गन घेऊन जवळ जायचं. नुसत्या हायड्रॉलिकच्या भरवशावर खाली वाकायचं नाही. एक्सलच्या आडव्या भागाखाली जॅक लावून हे जमत नाही, कारण पिनेवरचा भार तसाच राहतो. जुनं काळं ग्रीस बाहेर येऊन नवं दिसेपर्यंत मारायचं. याच अवस्थेत चाकाला वर-खाली धरून हलवून बघायचं. खुटखुट झाली तर किंगपिनचा बुश किंवा हबचं बेअरिंग. दोन्ही चाकांच्या मधलं अंतर हबच्या उंचीला पुढून आणि मागून मोजून ठेवावं. ते आकडे हंगामात बदलत गेले तर टाय रॉड (दोन्ही पुढची चाकं जोडणारा दांडा) वाकलाय किंवा सांधे झिजलेत, आणि टायरची एक कड आधी खायला लागते.

रेडिएटरची जाळी शेणखताच्या कामात दिवसातून दोनदा झाडावी लागते. पाचटाचा भुसा ओल्या जाळीवर लिंपल्यासारखा बसतो, आणि लोडरचं काम म्हणजे ट्रॅक्टरचा कमी वेग, इंजिनच्या जास्त फेऱ्या. पुढून वारा मिळतच नाही. एअर क्लीनर रोज संध्याकाळी.

काम संपल्यावर बकेट धुवून जमिनीवर टेकवायची, इंजिन बंद करून दोन्ही लिव्हर पुढे-मागे करून हौजमधला दाब सोडायचा, आणि जॅकच्या उघड्या राहिलेल्या रॉडवर तेलाचं फडकं फिरवायचं. शेणखत आणि गोमूत्राचा अंश रॉडच्या क्रोमवर रात्रभर राहिला की बारीक डाग पडतात. दुसऱ्या हंगामात तेच डाग सील फाडतात. जून लागला की लोडर काढून ठेवावा, निदान बकेट तरी. पेरणीला, कोळपणीला तो ४५० किलोंचा बोजा पुढे घेऊन ओल्या काळ्या रानात ट्रॅक्टर फिरवला तर सरीत पुढची चाकं रुतत जातात, आणि शेत तुडवलं जातं ते वेगळंच.